क्षण आणि कथन : क्रीडारसिकाच्या स्मृतीविषयी

'अविस्मरणीय क्षण' हा शब्दप्रयोग क्रीडाविषयक मराठी लेखनात इतका रुळला आहे की त्यातील दोन्ही पदांचा विचार करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. क्षण म्हणजे घड्याळाने मोजता येणारा काळाचा तुकडा आणि अविस्मरणीय म्हणजे जो विसरता येत नाही तो, असा सरळ अर्थ गृहीत धरला जातो. वस्तुतः क्रीडारसिक ज्याला क्षण म्हणतो तो घटनेत तयार सापडत नाही. घटनेच्या सांगण्यात तो घडवला जातो. हे विधान प्रथमदर्शनी अतिव्याप्त वाटेल. शारजात मियाँदादने मारलेला चेंडू सीमारेषेपलीकडे गेला तो कोणी सांगितला म्हणून नव्हे, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्तही आहे. तेव्हा घटना आणि तिचे स्मरणीय होणे यांच्यामधले अंतर कशाने भरले जाते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यायचा आहे. साहित्यविचाराशी त्याचा संबंध पोचतो, कारण हे अंतर भरण्याचे काम प्रामुख्याने भाषा करते. आणि तिने केलेल्या या कामाची किंमत कोणीतरी जिवंत माणूस मोजत असतो.

कथानकाविषयी ॲरिस्टॉटलने घातलेली अट प्रसिद्ध आहे. घटना अनपेक्षितपणे घडाव्यात, मात्र त्या एकमेकींतून निष्पन्न झालेल्या असाव्यात. शक्य असूनही न पटणाऱ्या घटनेपेक्षा अशक्य असूनही पटणारी घटना कवीने पसंत करावी, असेही तो सांगतो. खेळाचे वेगळेपण येथूनच सुरू होते. खेळातील थरारक प्रसंग बहुधा शक्य पण न पटणाऱ्या कोटीतला असतो. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे विश्वचषक स्पर्धेत भारताचा झिंबाब्वेविरुद्धचा सामना झाला. भारताची अवस्था ४ बाद ९ आणि मग ५ बाद १७ अशी झाली. गावसकर आणि श्रीकांत यांना खातेही उघडता आले नव्हते. चोवीस वर्षांचा कर्णधार कपिल देव याने तेथून १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. नवव्या गड्यासाठी किरमाणीबरोबर १२६ धावांची अभेद्य भागीदारी झाली, त्यांत किरमाणीचा वाटा नाबाद २४ धावांचा. भारताच्या ८ बाद २६६ धावा झाल्या आणि सामना ३१ धावांनी जिंकला. एखाद्या कादंबरीकाराने असे कथानक रचले असते तर समीक्षकांनी त्याला योगायोगाचा आश्रय घेणारा रंजनवादी लेखक ठरवले असते, आणि ते योग्यच झाले असते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांतील पहिले संभावनाविरहाचेच आहे: जे संभवतच नाही असे वाटते त्यात प्रेक्षकाचे मन विसावत नाही. खेळात मात्र हे विघ्नच आस्वादाचा हेतू बनते. 'असे घडणे शक्य नव्हते, तरी घडले' हे वाक्य काव्यात दोषाचा निर्देश करते. क्रीडांगणावर तेच परमोच्च स्तुतीचे वाक्य ठरते.

या फरकाचे मूळ निवेदकाच्या स्थानात आहे. कोणत्याही कथेचा निवेदक शेवट जाणत असतो. वाचकापासून तो लपवणे हे त्याचे कौशल्य. धावते समालोचन करणाऱ्याला शेवट ठाऊकच नसतो. जेरार जेनेटने निवेदनाच्या काळानुसार जे प्रकार कल्पिले आहेत त्यांतील समकालिक निवेदनाचे याहून शुद्ध उदाहरण साहित्यात मिळणे कठीण. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठी समालोचनाची जी भाषा घडवली तिचे ऋण क्रीडालेखनाने मान्य केले आहे. पण ते मुख्यतः परिभाषेपुरते. त्रिफळाचीत, यष्टिरक्षक, पायचीत हे शब्द कसे रुजले याची चर्चा होते. तिची वाक्यरचना मात्र दुर्लक्षित राहिली. चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटेपर्यंत वाक्ये संथ, विशेषणांनी भरलेली असतात. चेंडू सुटला की क्रियापदे गळू लागतात, वाक्य नामांवर येऊन ठेपते आणि एखाद्या 'आणि'पाशी लटकून राहते. उभयान्वयी अव्ययाचा इतका नाट्यपूर्ण वापर मराठी गद्यात इतरत्र क्वचितच झाला असेल. श्रोत्याचा सारा थरार त्या 'आणि'नंतरच्या पोकळीत वस्तीला असतो. निवेदकाचे अज्ञान आणि श्रोत्याचे अज्ञान समान पातळीवर आल्यामुळे ही पोकळी खरी असते.

परंतु पोकळी भरते. चेंडू कोठे गेला ते कळते, आणि त्याच क्षणी आधीच्या सर्व घटनांना एक दिशा प्राप्त होते. फ्रँक कर्मोडने कथेच्या शेवटाविषयी जे प्रतिपादन केले आहे त्याचा येथे उपयोग होतो. घड्याळाच्या 'टिक'ला 'टॉक' मिळाल्यावरच मधल्या काळाला आकार येतो, असे तो म्हणतो. ॲरिस्टॉटलला कथानकात अभिप्रेत असलेली अपरिहार्यता खेळात घटनेबरोबर येत नाही, घटनेमागून येते. जे घडताना केवळ एक शक्यता होते ते सांगताना अटळ होऊन बसते.

शारजाचा प्रसंग या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. १८ एप्रिल १९८६ रोजी ऑस्ट्रल-आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या. चेतन शर्माचा यॉर्कर टाकण्याचा मानस फसला, चेंडू फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने त्यावर षटकार मारला. भारतीय रसिकाच्या स्मृतीत यापलीकडे त्या सामन्याचे फारसे काही उरलेले नाही. गावसकरच्या ९२ धावा उरल्या नाहीत, श्रीकांतच्या ७५ उरल्या नाहीत. विशेष म्हणजे आदल्या चेंडूचीही आठवण सहसा निघत नाही. त्या चेंडूवर तौसीफ अहमद या अखेरच्या फलंदाजाने घाईची एक धाव काढून मियाँदादला समोर आणले होते. अझरुद्दीनची फेक यष्ट्यांना लागली असती तर सामना तेथेच भारताच्या बाजूने संपला असता. घटनेच्या पातळीवर पाहता निर्णायक वळण या फेकीचे. शेवटचा चेंडू हा तिचा परिणाम. तरीही कथनाने फेक वगळली आणि फुलटॉस ठेवला. कारण उघड आहे. हुकलेली फेक ही न घडलेली घटना आहे, आणि जे घडलेच नाही त्याचे चित्र मनासमोर उभे राहत नाही. षटकाराला आकार आहे, दिशा आहे, आवाज आहे, आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे काही नाही. स्मृती कारणांना धरून चालत नाही. ती शेवटांना धरून चालते.

वानखेडे मैदानावरील २ एप्रिल २०११चा अंतिम सामना हेच उलट बाजूने दाखवतो. धोनीने कुलसेकराला षटकार मारला तेव्हा भारताला अकरा चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. त्या वेळी उत्कंठा अशी जवळजवळ नव्हतीच. सामन्याचा खरा ताण गंभीरच्या ९७ धावांच्या खेळीत सोसला गेला होता. स्मरणात मात्र षटकारच राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या प्रतीक्षेला हवा असलेला पूर्णविराम त्याने दिला. एखादी चोरटी धाव काढून तो सामना संपला असता तर विजय तितकाच खरा ठरला असता, पण 'क्षण' म्हणून रसिकाला कदाचित गंभीरची खेळी शोधावी लागली असती. थरारक आणि स्मरणीय ही विशेषणे सवयीने जोडीने वापरली जातात. त्यांचा संबंध अनिवार्य नाही.

थरार म्हणजे रस नव्हे, हेही येथेच स्पष्ट करायला हवे. क्रीडालेखनात वीररसाचा, अद्भुतरसाचा उल्लेख सढळ हाताने होतो. तो शास्त्राला धरून नाही. अभिनवगुप्ताच्या यादीतील पुढची दोन विघ्ने, म्हणजे अनुभव 'माझा' किंवा 'परक्याचा' असल्याची जाणीव आणि स्वतःच्या सुखदुःखाने व्यापून जाणे, ही तर क्रीडारसिकाची व्याख्याच म्हणावी लागेल. सामना पाहणारा आपला आणि परका हा भेद विसरत नाही. विसरला तर तो रसिक राहणार नाही, पंच होईल. १९८६च्या त्या सायंकाळी भारतीय प्रेक्षकाला झाला तो शोक लौकिक होता, आणि पाकिस्तानी प्रेक्षकाला झाला तो हर्षही लौकिक. साधारणीकरणाला तेथे वावच नव्हता.

असे असूनही पुढे काहीतरी घडले आहे. तो प्रसंग भारतीय रसिक आजही सांगतात, पुन्हा पाहतात, पाहताना हळहळतात, आणि या हळहळीत एक प्रकारची चव घेतात. 'चेतनने तो चेंडू…' एवढे म्हणताच समोरचा मान हलवतो. वाक्य पुरे करण्याची गरज उरत नाही. ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता तेही या हळहळीत सामील होतात. त्यांचा शोक लौकिक असू शकत नाही, कारण त्यांनी काही गमावलेलेच नव्हते. त्यांना तो कथेतून मिळाला. लौकिक भावाचे आस्वाद्य भावात रूपांतर करण्याचे जे कार्य नाट्यात विभावादिकांची योजना, गायन, नेपथ्य इत्यादींनी साधते, ते येथे काळ आणि पुनःकथन यांनी साधलेले दिसते. क्रीडांगणावर असतो तो भाव. रस झालाच तर तो कट्ट्यावर होतो, चहाच्या दुकानात होतो, वर्तमानपत्राच्या पुरवणीत होतो. क्रीडांगणावरील भावाला रस म्हणणारे समीक्षक आणि खेळात रसाला मुळीच स्थान नाही असे म्हणणारे समीक्षक, दोघेही या कालान्तराचा विचार करीत नाहीत.

सी. एल. आर. जेम्सने 'बियाँड अ बाउंडरी' (१९६३) या ग्रंथात क्रिकेटला नाट्य, नृत्य यांच्या पंक्तीत बसवले. त्याचा मुख्य आधार खेळाच्या रचनेचा आहे: प्रत्येक चेंडूगणिक एक व्यक्ती एका व्यक्तीला सामोरी जाते आणि तरीही दोघेही आपापल्या संघाचे प्रतिनिधी असतात, व्यष्टी आणि समष्टी यांचे हे नाते नाटककाराला प्रयासाने साधावे लागते, क्रिकेटला ते नियमांनीच मिळालेले असते. प्रतिपादन मूलगामी आहे. परंतु या रचनेचा लाभ प्रत्येक चेंडूला सारखाच होतो. त्या हजारो चेंडूंतून एकच का उरतो, याचे उत्तर रचनेत मिळत नाही. बार्थच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) मधील कुस्तीवरील निबंध येथे उपयोगी पडेल असे वाटते, पण पडत नाही. बार्थने वर्णिलेली कुस्ती हा ठरवून केलेला प्रयोग आहे. तिच्यातील प्रत्येक मुद्रा घडतानाच वाचता येते, कारण ती वाचण्यासाठीच केलेली असते. कोल्हापूरच्या मातीतल्या कुस्तीला हे विश्लेषण लावू पाहणाऱ्याला तेथील जाणकार फार वेळ बसू देणार नाहीत.

कुस्तीचाच विषय निघाला आहे तर खाशाबा जाधव यांचे उदाहरण घेणे अगत्याचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. महाराष्ट्राच्या स्मृतीत ही घटना पक्की आहे. पण तिच्यातला 'क्षण' कोणता? हेलसिंकीच्या लढतींतील एखादा डाव, एखादी पकड मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येते काय? येत नाही. येते ती शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीची सांगितली जाणारी कथा, त्याआधीच्या आर्थिक ओढाताणीची कथा, प्रवासखर्चासाठी प्राचार्यांनी घर गहाण टाकल्याची कथा. ज्याला कोणी सांगणारा नव्हता तो पराक्रम दूर राहिला आणि गावाने जे स्वतः पाहिले ते परत येणे स्मरणीय झाले. कथनाला साक्षी लागतो. जेथे साक्षी उभा असतो तेथेच क्षण उगवतो.

मग टनब्रिज वेल्सचे काय? त्या सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही, बी.बी.सी.चे कॅमेरे तेथे नव्हते, आणि त्याचे कारण म्हणून संपाचा दाखला नेहमी दिला जातो. भारतीय रसिकांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी पाहिलेली ही खेळी कोट्यवधींच्या स्मरणात आहे. मागे राहिलेली अधिकृत संहिता म्हणजे धावफलक: सोळा चौकार, सहा षटकार. बाकीचे सारे मौखिक परंपरेने आलेले आहे, आणि मौखिक परंपरेची सर्व लक्षणे त्यात दिसतात. गडी बाद होत असताना कपिल स्नान करीत होता, हा प्रसंग प्रत्येक कथनात ठरावीक ठिकाणी येतो. नायक बेसावध असताना संकट येणे हा लोककथेचा जुना कल्पनाबंध आहे. प्रसंग खरा असला तरी त्याचे टिकून राहणे या कल्पनाबंधामुळे आहे. मैदानाभोवतीच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या झाडांचेही तसेच. ज्यांनी हे झाड कधी पाहिलेले नाही असे मराठी लेखकही त्याचा उल्लेख टाळत नाहीत. चित्राच्या अभावी वर्णनावर पडलेला हा भार आहे, आणि वर्णनाने तो समर्थपणे पेलला.

२०२१ साली प्रदर्शित झालेल्या कबीर खान दिग्दर्शित '८३' या चित्रपटाने ही उणीव भरून काढली असे म्हटले गेले. उणीव भरली हे खरे. लाभ किती झाला हा प्रश्न उरतो. तोवर त्या खेळीचे प्रत्येक फटक्यागणिक वेगळे चित्र प्रत्येकाने मनाशी रेखाटले होते. चित्रपटाने सर्वांना एकच चित्र दिले, तेही अभिनेत्याचे. शिवाय चित्रपटाचा निवेदक शेवट जाणतो, पार्श्वसंगीतही जाणते. धावफलकाच्या कोरड्या रकान्यांत जेवढी अनिश्चितता शिल्लक होती तेवढीही त्यात राहिली नाही. लेसिंगने चित्रकाराला सांगितले होते की परमोच्च बिंदू रंगवू नये, त्याच्या आधीचा क्षण निवडावा, म्हणजे कल्पनेला पुढे जाण्यास जागा राहते. दूरचित्रवाणीवरील मंदगती पुनःप्रक्षेपण आणि हा चित्रपट दोघेही नेमका परमोच्च बिंदूच पुनःपुन्हा दाखवतात. रसिकाचे डोळे भरतात, कल्पना बसून राहते.

तथापि पुनःकथनाला सरसकट वंदनीय मानता येत नाही, कारण नाट्यातील विभाव आणि खेळातील विभाव यांत एक भेद आहे आणि तो सौंदर्यशास्त्रीय चर्चेत नजरेआड होतो. शोकान्त नाटकातला राजा पडदा पडल्यावर दुःखी राहत नाही, आणि नटही रंग पुसून घरी जातो. शारजाच्या कथेतला गोलंदाज मात्र खरा माणूस आहे. तो त्या वेळी वीस वर्षांचा होता. प्रेक्षकांच्या हळहळीचे साधारणीकरण झाले तसतसे त्याचे मात्र विशेषीकरण होत गेले. तो एका चेंडूपुरता उरला. त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यात त्याने लॉर्ड्सवर पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि बर्मिंगहॅमच्या कसोटीत दहा. भारताने ती मालिका जिंकली. हे सारे शारजानंतर तीन महिन्यांच्या आत घडले. कथेचे नियम पाळायचे तर अपयशी नायकाच्या पुनरुत्थानाची ही उत्तम सामग्री होती. कथनाने ती घेतली नाही.

पुढच्या वर्षी तर त्याहून मोठी सामग्री महाराष्ट्रातच निर्माण झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला विश्वचषक स्पर्धेतील न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात चेतन शर्माने रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांना लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकाच्या इतिहासातील ती पहिली हॅटट्रिक. तिघेही त्रिफळाचीत, म्हणजे झेल घेणाऱ्याचा, यष्टिरक्षकाचा, पंचाच्या बोटाचा कोणाचाही वाटा त्यात नाही. चित्रीकरण आहे, साक्षीदार आहेत, आकार आहे, तिसऱ्या चेंडूला पूर्णविरामही आहे. वर सांगितलेल्या सर्व अटी पुऱ्या होतात, आणि तरीही हा क्षण शारजाच्या क्षणाला हटवू शकला नाही. त्याच दिवशी गावसकरने एकदिवसीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकावले आणि सामन्याचा मानकरी म्हणून दोघांची नावे एकत्र जाहीर झाली, हे एक कारण देता येईल. पण ते पुरेसे नाही. नागपूरचा सामना साखळीतला होता, प्रतिस्पर्धी न्यूझीलंड होता. शारजाच्या कथेला फाळणीपासूनच्या इतिहासाची पूर्वपीठिका आयती मिळाली होती. नागपूरच्या कथेच्या मागे असे काही नव्हते. क्रीडारसिकाची स्मृती कथेचा घाट पाहते असे वर म्हटले. ती प्रतिपक्षही पाहते, किंबहुना आधी तोच पाहते. ज्या 'आपला-परका' या भेदाला अभिनवगुप्ताने विघ्न म्हटले, त्याच्याच बळावर एक चेंडू चार दशके जिवंत राहिला आहे. साधारणीकरण झाले ते एका राष्ट्राच्या सीमेच्या आत. सीमेपलीकडे त्याच चेंडूची दुसरी कथा तितक्याच आवडीने सांगितली जाते, आणि तिच्यात हळहळीचा अंशही नाही.

या दोन्ही कथा एका निवेदनात सामावून घेणारे, त्या निवेदनात अझरुद्दीनच्या हुकलेल्या फेकीला आणि नागपूरच्या तीन चेंडूंनाही जागा देणारे लेखन मराठीत व्हायला काही अडचण नव्हती. मराठी क्रीडालेखनाजवळ भाषेची संपन्नता आहे, आठवणींचा साठा आहे, आणि वाचकही आहे. पण 'अविस्मरणीय क्षणां'च्या जी पुस्तके आणि ज्या पुरवण्या निघतात त्या प्रत्येक क्षणाला एकच नायक आणि एकच शेवट देऊन मोकळ्या होतात. चेतन शर्मा पुढे राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाला त्या फुलटॉसचे शेपूट तेव्हाही चिकटलेलेच होते.